हयात असल्यास हरकत घ्यावी

मंडळी, मी छत्तीस वर्षं तलाठी होतो, आणि छत्तीस वर्षांत माझी एक नोंद चुकली नाही. एक! पुरात वाहून गेलेली नाथूची म्हैस मी कागदावरून कमी करायला नकार दिला होता. "वाट बघू," म्हणालो. तिसऱ्या दिवशी म्हैस स्वतः चावडीच्या पायरीवर येऊन उभी राहिली! काही लोक म्हणतात, ती दुसरीच म्हैस होती. म्हणोत बापडे. कागद माझ्याकडे आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी बिरवाडीत खोली घेतली. शेजारीपाजारी सगळे कारखान्यात पाळी करणारे. मी जागा असतो तेव्हा ते झोपलेले, आणि ते जागे असतात तेव्हा त्यांना माझ्याशी बोलायचं नसतं. अशा वेळी माणूस एकतर व्यसनाला लागतो नाहीतर कॉम्प्युटरला. मला पहिलं परवडत नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी मोबाइलवर व्हिडिओ बघून मी प्रोग्राम लिहायला शिकलो.

आणि मला शोध लागला, की इंटरनेटवरच्या प्रत्येक नावाचा एक सातबारा असतो!

खोटं नाही. वेबसाइटचं जे नाव असतं, अमुक डॉट कॉम, तमुक डॉट इन, त्याला डोमेन म्हणतात. ते कुणाच्या नावावर आहे, कधी नोंदलं, मुदत कधी संपते, पत्ता काय, हे सगळं एका दप्तरात लिहिलेलं असतं. कोणीही विचारावं, दप्तर उत्तर देतं. ना अर्ज, ना तिकीट, ना "साहेब जेवायला गेलेत". माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी लगेच प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी सहाला तो आपोआप उठायचा, महाड-पोलादपुरातल्या एक्क्याऐंशी नावांची दप्तरात चौकशी करायचा आणि आलेला इंग्रजी मजकूर ओळीओळीने फोडायचा. दोन टिंबांच्या डावीकडे असेल तो रकाना, उजवीकडे असेल ती नोंद. मग सगळं माझ्या ओळखीच्या नमुन्यात मांडायचा : भोगवटादार, मुदत, इतर हक्क. त्याला मी माझ्या छत्तीस वर्षांचे नियमही शिकवले. उदाहरणार्थ, भोगवटादाराचं नाव कंसात असेल तर तो माणूस गेला. सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस करतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि भोगवटादार मयत आढळला, तर प्रोग्रामने वारसनोंदीची नोटीस आपोआप काढायची : ग्रामपंचायतीला, संबंधितांना आणि दप्तरात जो पत्ता असेल त्या पत्त्यावर. नोटीस बजावल्याशिवाय नोंद नाही, हा कायदा आहे. मी नसलो तरी कायदा चालला पाहिजे!

पहिल्या आठवड्यात मी प्रोग्रामला फक्त मुदती तपासायला लावलं होतं, तरी त्याने मासा पकडला. कापड्याच्या महिला गटाच्या नावाची मुदत तीस तारखेला संपत होती. मी गटाच्या ललिताला फोन लावला. कापडे माझ्या साजातलं, म्हणजे माझ्या हद्दीतलं गाव, तिला मी परकरात असल्यापासून ओळखतो.

"ललिता, तुमच्या वेबसाइटचं नाव जातंय बरं का. बारा दिवस राहिलेत."

"जातंय म्हंजे? कुठं जातंय?"

"मुदत संपली की ज्याला हवं तो उचलेल."

ती हळू बोलली, "भाऊसाहेब, अकरा बायकांनी लाल तांदूळ घरात ठेवलाय. व्यापाऱ्याला द्यायला निघाल्या व्हत्या, मी आडवी पडले. म्हनलं, आपल्या नावानं विकू. चार हजार पिशव्यांवर ते नाव छापलंय. ते दुसऱ्यानं उचललं तर मी त्या अकराजणींना तोंड कसं दाखवू?"

"नाव नोंदलंय कुणी?"

"सुहासनं. आपल्या बौद्धवाडीतला नाय का? सुरतेला कंपनीत क्लार्क हाय. फुकटात करून दिलान बिचाऱ्यानं. पन त्याचा नंबर लागत नाय गो बाय... लागत नाय हो भाऊसाहेब!"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "उद्या सकाळी मी दप्तरातून त्याची पूर्ण नोंद काढतो. माझ्या हातून आजवर..."

"म्हैस मला म्हाईत हाय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जरा उशिरा जाग आली. प्रोग्राम सहालाच उठला होता. मी चहा घेतला, दाढी केली, दूधवाल्याला पाण्याच्या प्रमाणाबद्दल दोन शब्द सुनावले. एवढ्यात ललिताचा फोन. ती रडत होती.

"भाऊसाहेब! सुहास गेला वो!"

"काय सांगतेस! कधी? कशाने?"

"काय कळत नाय. त्याची आत्या हाय ना मुंबैला, तुळजाबाय, ती सकाळपासनं ऊर बडवून घेतेय. तिनं पंचायतीत फोन केलान, पंचायतीतनं नीला रडत रडत माझ्याकडं आली. फोन बंद हाय त्याचा, तो ह्याच्यामुळं!"

मी कॉम्प्युटरपाशी गेलो आणि पडद्यावर पाहिलं. भोगवटादार : सुहास. शेरा : मयत.

मंडळी, मी अनुभवी माणूस. एकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. पण इथे एक पुरावा माणसांकडून आला होता आणि दुसरा यंत्राकडून. दोन स्वतंत्र पुरावे! शंकेला जागा कुठे होती?

(पंचायतीतल्या नीलाने सकाळी सव्वासहाला माझ्याच प्रोग्रामची नोटीस वाचली होती, खातरजमा करायला तिनेच मुंबईला आत्याला फोन केला होता, आणि आत्याने हंबरडा फोडल्यावर तिची खातरजमा झाली होती, हे मला पुढे कळलं. त्या सकाळी मी फक्त टोपी काढली.)

आता प्रश्न वारसाचा. सुहासचे आईवडील नव्हते, लग्न झालेलं नव्हतं. मी कापड्याला गेलो तर माझ्याआधी नाते गावाहून त्याचा चुलतभाऊ चंदू येऊन बसलेला. डोळे लाल, हातात रुमाल आणि रुमालात पेन.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "माझा भाऊ गेला. आता ते नाव माझ्यावर चढवा."

"कुठलं नाव रे?" ललिताने विचारलं.

"वेबसाइटचं. सुहासचं ते आमचं. मी त्यावर होम-स्टे टाकणार हाय."

"आनि आमचा तांदूळ?"

"पावन्यांना जेवायला लागंलच की तांदूळ!"

"चंद्या, तो सुरतेला तापानं फणफणला व्हता तेव्हा गेला व्हतास बघायला? आत्ता बरा नात्यावरनं धावत आलास!"

"तू कोन गो इचारनारी? वारस हायस?"

"वारस नसंन, पन पिशव्यांवर माझं नाव हाय! तुझं कशावर हाय? उधारीच्या वहीवर!"

मी हात वर केला. सरकारी हात वर झाला की आमच्याकडे अजून शांतता होते. मी दप्तरातली नोंद वाचून दाखवली. इतर हक्कांच्या रकान्यात स्पष्ट होतं : हस्तांतरणास मनाई.

"म्हंजे?" दोघं एकदम म्हणाले.

"म्हणजे वर्ग दोन," मी गंभीरपणे म्हणालो. "वतनाच्या जमिनीसारखं. वरच्या परवानगीशिवाय कुणाच्याच नावावर होत नाही."

वतनाचं नाव काढल्यावर दोघांचे चेहरे पडले. वर्ग दोनच्या परवानगीपायी बौद्धवाडीतल्या दोन पिढ्यांच्या चपला झिजल्यात. (ही मनाई म्हणजे नाव कोणी परस्पर पळवू नये म्हणून लावलेलं साधं कुलूप असतं आणि मालक ते केव्हाही उघडतो, हेही मला पुढेच कळलं. त्या आठवड्यात मला बरंच पुढे कळायचं होतं.)

मी स्वतः अर्ज लिहिला आणि एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"गट नंबर?"

"नाही. ते डॉट इन आहे."

"हे डॉट इन कुठल्या तालुक्यात येतं?"

"ते आकाशात असतं बाई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, घरून कोणी आलंय का सोबत?"

असे नऊ दिवस गेले. सुहासच्या खोलीचा पत्ता कुणाकडे नव्हता, कंपनीचं नाव आत्याला आठवत नव्हतं, आणि चंदू सुरतेला जाऊन यायला तयार होता पण आधी नाव चढवल्यावर. ललिता रोज दोनदा फोन करायची. आधी ती "परवानगी आली का?" विचारायची. मग नुसतंच "भाऊसाहेब?" म्हणायची. शेवटी शेवटी फोन करून काहीच बोलायची नाही, आणि मला पलीकडून तांदूळ पाखडल्याचा आवाज ऐकू यायचा. माझी झोप उडाली. छत्तीस वर्षांत कुणाच्या पाखडण्याने उडाली नव्हती.

तीस तारखेला सकाळी कापड्याच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. मुदत त्याच दिवशी संपत होती, पण मेलेल्या माणसाचं आधी करायचं, हा ललिताचा निर्णय. "नाव गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "त्यानं फुकटात करून दिलान. त्याला फुकटात दोन फुलं तरी वाहू."

विहार भरला होता. बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची तसबीर, खाली मेणबत्त्या, आणि टेबलावर सुहासचा फोटो. शाळेतला. दुसरा सापडला नाही. त्यात तो आठवीत होता आणि त्याला शिंक येत होती. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग ललिता बोलायला उभी राहिली.

"आमाला कॉम्प्युटर म्हाईत नव्हता," ती म्हणाली. "हा पोत्यांवर बसला, मांडीवर ते घेतलान, आनि म्हनला, ताई, नाव सांग. मी म्हनलं, गटाचं घाल. म्हनला, नाय, आधी तुमच्यातल्या एकेकीचं सांग. अकराच्या अकरा बायकांची नावं त्यानं फोटोखाली लिवली. सातबाऱ्यावर आमचं नाव नाय, रेशनकार्डावर नवऱ्याच्या खाली. तिथं मात्र आमी वर हाव."

एवढं बोलून ती खाली बसली. बायका पदर तोंडाला लावून बसल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मीही रडलो, आणि ते मी बनवून सांगत नाही.

मग मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "कै. सुहास यांची नोंद जरी कमी झाली असली, तरी त्यांची आठवण कमी होणार नाही." वाक्य बरं जमलं होतं. चंदूने तर मोठ्याने हुंदका दिला. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळे उभे राहिले. विहारात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि त्याच वेळी दारातून एक माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फायलीची पिशवी. मागे दोन अनोळखी इसम. तिघांनी चपला बाहेर काढल्या, पाहिलं की मौन चालू आहे, आणि अदबीने मागच्या रांगेत मान खाली घालून उभे राहिले.

मी एक डोळा किलकिला केला होता. वयोमानाने दोन मिनिटं दोन्ही डोळे मिटले तर मला झोप लागते. त्या एका डोळ्याने मी पाहिलं. फोटोकडे पाहिलं. परत मागच्या रांगेकडे पाहिलं. तोच माणूस. फक्त शिंक येऊन गेलेली!

ओरडावं तर मौन मोडतं, आणि मौन मीच पुकारलेलं. मंडळी, इतकी लांब दोन मिनिटं माझ्या आयुष्यात दुसरी झाली नाहीत. तोही उभाच. स्वतःच्या मौनात व्यत्यय आणायचा नाही, इतका सरळ मुलगा.

वेळ संपली. त्याने घसा साफ केला आणि हात वर केला.

"क्षमा असावी. मला हरकत घ्यायची होती."

पहिली किंकाळी चंदूची. तो दोन बाकांवरून उडी मारून खिडकीपर्यंत पोचला होता. नीला खालीच बसली. ललिता घाबरली नाही. ती सुहासपाशी गेली, त्याच्या दंडाला चिमटा काढला, आणि तो "आई गं" म्हणाल्यावर दुसऱ्या दंडालाही काढला.

"हाय," ती म्हणाली. "जिता हाय."

सुहासने पिशवीतून कागद काढला. "ही नोटीस मला ईमेलने आली. 'आपण मयत झाल्याची नोंद प्रस्तावित आहे. हयात असल्यास हरकत घ्यावी. हरकतदाराने पुराव्यासह व दोन साक्षीदारांसह समक्ष हजर राहावे.' हा माझा हयातीचा दाखला. हे दोन साक्षीदार, माझ्याच खात्यातले. रजा अर्ध्या पगारी मिळाली."

सगळा विहार माझ्याकडे वळला. मी कागद हातात घेतला. खाली माझंच नाव होतं.

"पण दप्तरात तुझं नाव कंसात आहे!" मी म्हणालो. "कंसात म्हणजे..."

"सहीखाली नाव कंसातच लिहितात ना भाऊसाहेब?" सुहास नम्रपणे म्हणाला. "अकरा वर्षं मी ऑफिसात तसंच टाइप करतो. हात तसाच गेला असेल."

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? त्याच्या ऑफिसात कंसात असतो तो साहेब. माझ्या ऑफिसात कंसात असतो तो मयत. प्रोग्रामला दोन्ही ऑफिसं कशी ठाऊक असणार? पण हे मांडायची ती वेळ नव्हती. बायकांनी पदर खोचायला सुरुवात केली होती.

ललितानेच मला वाचवलं. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

"सुहास, त्या नावाची मुदत आज संपतेय."

"अरे! हो का?" त्याने नवा मोबाइल काढला, विहाराच्या पायरीवर बसला, चारदा बोट फिरवलं. "झालं. तीन वर्षं वाढवली. आणि आता गटाच्याच नावावर करून टाकतो. मी आज आहे, उद्या..." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"चार मिन्टं?" ललिता म्हणाली. "हे सुरतेत बसून झालं असतं?"

"हो."

"मुदतीचं तुला काय कळलं नाय?"

"वीस-पंचवीस ईमेल आले होते. मला वाटलं जाहिरात. पण नोटीस म्हटल्यावर..."

"मंग एक फोन नाय करायचा? मी हाय म्हनून?"

"फोन चोरीला गेला, नंबर त्यातच होते. आणि नोटिशीत समक्ष लिहिलं होतं, ताई. हयातीचा दाखला मिळायला आठ दिवस गेले. मी समोर उभा होतो तरी ते म्हणायचे, कागद आणा."

विहारभर माना डोलल्या. आमच्याकडे प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकलेलं आहे.

इतक्यात नीला आपल्या मोबाइलकडे बघत म्हणाली, "ललिताताई, ऑर्डरी आल्यात."

"किती?"

"तेसष्ट."

झालं असं होतं, की मुंबईच्या कापडेकरांनी माझी नोटीस एकमेकांना पाठवताना खाली वेबसाइटही जोडली होती : 'सुहासने गावासाठी केलेलं शेवटचं काम.' लोकांनी डोळे पुसत पुसत तांदूळ मागवला होता. अकराजणींच्या घरातलं एक पोतं उरणार नव्हतं!

चंदू खिडकीतून खाली उतरला. "मी काय म्हंतो," तो म्हणाला, "ह्याला दिवाळीपत्तूर नात्याला माझ्याकडं लपवू. तोवर आनखी येतील."

सुहासने विचार केला. "लेखी द्याल का?"

"गप रे दोघं!" ललिता कडाडली. "मेलेल्याच्या नावावर तांदूळ नाय विकायचा मला. तेसष्टच्या तेसष्ट लोकांना फोन जाईल. सुहास जिता हाय म्हनून सांगायचं, आनि तांदूळ ठेवायचा तर ठेवा, नायतर ऑर्डर मोडा. आनि फोन करनार भाऊसाहेब!"

मी विहाराच्या पायरीवर बसून फोन लावायला लागलो. शेजारी ललिता यादी घेऊन, हातात पेन. ती एकेक नाव वाचायची, मी फोन लावायचो. पण माणसं चांगली असतात हो. कोणी हसलं, कोणी मला शिव्या दिल्या, दोघं पुन्हा रडले, पण ऑर्डर कोणी मोडली नाही. बासष्ट झाले. त्रेसष्टावं नाव तुळजाबाईचं, मुंबईच्या आत्याचं. पाच किलो.

"तुळजाबाई, मी भाऊसाहेब बोलतोय. तुमचा सुहास हयात आहे."

"ह्ये तुमी डोल्यानं बघितलात का कागदावर?"

मी निमूटपणे फोन सुहासच्या हातात दिला.

"आत्या, मीच. सुहास."

पलीकडून असा आवाज आला, की पायरीवरची कोंबडी उडाली.

"मेल्या! जिता व्हतास तवा दोन वर्सं एक फोन नाय केलास! मेल्यावर बरी आत्या आठवली!"

"आत्या, चुकलं. तांदळाची ऑर्डर रद्द करायची असेल तर..."

"रद्द? दहा किलो कर! धा दिवस तुझ्या दुखवट्याला मानसं येतायत, डबा खरवडून खाल्लाय माझा!"

ललिताने पाचाचे दहा केले. मग माझ्याकडे न बघता, टोक तपासावं तसं पेन हलवत म्हणाली, "भाऊसाहेब, पुढच्या भाताच्या वक्ताला आनखी कुनाला मारायचं असंल, तर आधी मला इचारा. तांदूळ किती हाय त्यावर ठरवू."